हुद्दा आणि जादा तासांचें वेतन

मसुरें गांवच्या आंगणेवाडींत भराडी देवीची जत्रा भरते. तिची तिथि पंचांगांत ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती दर वर्षीं ठरवितात. त्यामुळें मुंबईचा चाकरमानी आयत्या वेळीं रजा मागतो आणि गांवीं निघण्यापूर्वीं हातांतलें काम उरकण्यासाठीं रात्रीं उशिरांपर्यंत थांबतो. या जादा तासांचें वेतन कोणास मिळावें? शेजारीं बसणाऱ्या दोघांपैकीं एकास तें मिळतें, दुसऱ्यास "तुम्ही सुपरवायझर, तुम्हांला ओव्हरटाइम कसला?" असें उत्तर मिळतें. बढतीचे पेढे वांटून झाल्यावर मिळकत घटल्याचें मग ध्यानांत येतें.

मूळ भेद रास्तच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानें दिवसाचे ९ किंवा आठवड्याचे ४८ तास यांपुढील कामास दुप्पट दर लावला, परंतु देखरेख, व्यवस्था वा गुप्त विश्वासाचें काम करणारांस त्यांतून वगळण्याची मुभा ठेविली. जो इतरांचे तास ठरवितो, त्यानें आपले तास मोजून घ्यावेत हें विसंगत दिसतें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या नव्या संहितेनें घेतली. दुप्पट दर तिनेंही राखला आहे. शिवाय देखरेखीचें काम करणाराचें वेतन महिना १८,००० रुपयांहून अधिक नसल्यास त्यासही ती कामगारच मानते. दुकानें व कचेऱ्या यांसाठीं महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्यांत एक चांगली अट आहे: वगळलेल्या माणसांची यादी मालकानें संकेतस्थळावर, तें नसल्यास दर्शनी जागीं, लावावयाची असते. आपलें नांव त्या यादींत आहे कीं नाहीं, हें कितीजण पाहतात?

घोटाळा होतो तो हुद्द्याच्या नांवामुळें. समजा, वखारींतील एक कारकून 'इन-चार्ज' झाला. किल्ली त्याच्याजवळ, वहीही तोच लिहितो, दोन हमालांस माल कोठें रचावा हेंही सांगतो. परंतु त्यांची रजा मंजूर करतो मॅनेजर, आणि पाळी बदलतो तोही मॅनेजरच. अशा माणसाचें मुख्य काम कारकुनीचेंच राहिलें. सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं मुंबईच्या सीबा-गायगी कंपनीच्या एका नोकराच्या खटल्यांत हीच दृष्टि ठेविली: मुख्य काम कोणतें तें पाहावें, ओघानें येणाऱ्या किरकोळ कामांवरून माणसाचा दर्जा ठरवूं नये. तो वाद नोकरीवरून कमी केल्याचा होता, जादा वेतनाचा नव्हे; कसोटी मात्र येथेंही उपयोगी पडते. अमेरिकेंत १९३८ च्या कायद्यानें आठवड्याच्या ४० तासांपुढें दीडपट दर ठरविला. तेथेंही नुसत्या पदवीनें कोणी वगळला जात नाहीं.

महिनेवारी पगार असला कीं जादा वेतन नाहीं, ही समजूतही तितकीच खोटी आहे. म्हणून नेमणुकीच्या पत्रापेक्षां रजेचे जुने अर्ज आणि पाळ्यांचीं पत्रकें अधिक बोलकीं ठरतात. त्यांवर मंजुरीची सही कोणाची आहे, तें प्रथम पाहावें. आणि आपण किती वाजतां आलों व गेलों याची नोंद चाकरमान्यानें स्वतःजवळही ठेवावी.