स्पर्धेतील यंत्रमानव आणि विजेचे भक्कम जोड

आशिया-पॅसिफिक प्रदेशातील प्रसारण संस्थांच्या संघटनेने २००२ साली टोकियो येथे 'रोबोकॉन' ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची यंत्रमानव स्पर्धा सुरू केली. २००८ व २०१४ साली तिच्या यजमानपदाचा मान पुण्याला लाभला. २००८ च्या स्पर्धेचा विषय तर दहीहंडीच्या खेळावरच बेतलेला होता.

या स्पर्धेतील सामना अवघ्या काही मिनिटांचा असतो. त्या काही मिनिटांसाठी विद्यार्थी कित्येक महिने खपतात. आराखडे आखले जातात, भाग घडविले जातात, आज्ञावली लिहिल्या जातात. इतके सारे होऊनही ऐन सामन्यात यंत्रमानव जागीच थबकला, तर मोटार शाबूत आणि आज्ञावली निर्दोष असल्याचे आढळते व दोष निघतो तो विजेच्या एखाद्या सैल जोडात, असे घडू शकते.

जोड तापतो कशामुळे?

वरवर घट्ट दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात थोड्याच बिंदूंवर एकमेकांना टेकलेले असतात. हे बिंदू कमी झाले की जोडाचा विद्युतरोध वाढतो. मोटार सुरू होताना किंवा अडखळताना नेहमीच्या अनेक पट विद्युतधारा ओढते. समजा, ती ६० अँपिअर आहे. जोडाचा रोध १ मिलिओहम असेल, तर तेथे ३.६ वॅट एवढीच उष्णता निर्माण होते. तोच जोड सैल होऊन रोध २० मिलिओहम झाला, तर ही उष्णता ७२ वॅटवर जाते. डाख देण्याच्या साध्या २५ वॅटच्या उपकरणाच्या जवळजवळ तिप्पट! अशा उष्णतेने कनेक्टरचे प्लॅस्टिक मऊ पडते, आतील स्प्रिंगचा ताण उतरतो, रोध आणखी वाढतो आणि जोड अधिकच तापतो.

धक्क्याने जोड क्षणभर सुटला, तरीही हानी होते. नियंत्रकाचा वीजपुरवठा खंडित होऊन तो नव्याने सुरू होतो आणि यंत्रमानव मैदानावर कोठे उभा आहे, याची त्याने ठेवलेली मोजदाद पुसली जाते.

जोड करण्याची रीत

मुख्य वीजमार्गासाठी अनेक बारीक तारांची लवचिक केबल वापरावी. तिच्या जाडीस अनुरूप असेच थिंबल निवडावे आणि ते योग्य मापाच्या क्रिंपिंग हत्याराने दाबावे. साध्या पकडीने चेपलेले थिंबल बाहेरून घट्ट भासते. परंतु आत पोकळी राहते व तीत हवा आणि ओलावा शिरतो. नीट दाबलेल्या जोडात तारा आणि नळी यांचा धातू एकजीव झाल्याप्रमाणे बसतो. प्रत्येक जोड हाताने जोर लावून ओढून पाहावा. जो निसटेल तो कार्यशाळेतच निसटलेला बरा.

केवळ डाखावर विसंबणेही हितावह नाही. डाख केबलमध्ये आत झिरपतो व तेवढा भाग ताठर होतो. कंपनामुळे तार नेमकी या ताठर भागाच्या कडेला तुटते. स्क्रूखाली दाबावयाच्या टोकाला तर डाख देऊच नये. सततच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि स्क्रू सैल पडतो.

थिंबल बोल्टवर बसविताना ते थेट टर्मिनलच्या धातूला भिडले पाहिजे. वॉशर या दोहोंच्या मध्ये न घालता थिंबलवर घालावा, आणि नट कंपनाने न सुटणारा असावा. जोडाजवळच केबल सांगाड्याला बांधून टाकावी, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. उघड्या धातूवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी.

खरी कसोटी

मल्टिमीटरची 'बीप' ऐकू आली की जोड उत्तम आहे, असा समज आढळतो. हे उपकरण त्या वेळी अत्यल्प विद्युतधारा सोडते. एका तंतूवर तगलेला जोडही ही परीक्षा उत्तीर्ण होतो! यास्तव, यंत्रमानव पक्का बांधून मोटारींवर भार असताना जोडाच्या दोन्ही बाजूंमधील व्होल्टेजची घट मोजावी. वर दिलेल्या उदाहरणातील चांगल्या जोडावर ही घट ०.०६ व्होल्ट भरेल. सैल जोडावर १.२ व्होल्ट. सरावानंतर बॅटरी वेगळी करून जोडांना स्पर्श करावा. शेजारच्या जोडांहून अधिक गरम लागणारा जोड उलगडून नव्याने करावा.

लिथियम बॅटरीबाबत विशेष दक्षता हवी. तिची दोन टोके परस्परांस भिडल्यास क्षणात आग लागू शकते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या निकट असावा, आपत्कालीन बटण सहज हाती लागेल असे असावे आणि तारांना हात घालण्यापूर्वी बॅटरी सोडवावी.

ही शिस्त स्पर्धेपुरती नाही. शेतातील विजेच्या पंपाची पेटी असो वा वाहनाची बॅटरी, सैल जोड सर्वत्र याच रीतीने तापतो आणि दगा देतो. स्पर्धेच्या निमित्ताने एक जोड मनापासून नीट करण्यास शिकलेला विद्यार्थी पुढे जेथे काम करील, तेथे ही शिस्त त्याच्या उपयोगी पडेल.