दुसऱ्या इंजिनाचा हिशेब

एकापेक्षा दोन बरी, अशी आपली साधी समजूत. विमानाला दोन इंजिने असली की प्रवासी निर्धास्त होतो. एक बंद पडले तरी दुसरे आहेच! वैमानिकांमध्ये मात्र एक जुना, कडवट विनोद आहे. छोट्या विमानाला दुसरे इंजिन कशासाठी? तर अपघाताच्या जागेपर्यंत पोचवण्यासाठी!

विनोदामागे हिशेब आहे. उभी नोकरी बँकेत गेल्यामुळे तो मला चटकन पटला. समजा, घरात महिना शंभर रुपये येतात, खर्च चाळीस, शिल्लक साठ. मिळकत निम्मी झाली म्हणून शिल्लक निम्मी होत नाही. ती थेट दहावर येते. पायपर सेनेकासारख्या हलक्या विमानाचेही असेच. सरळ उडण्यात खर्च होऊन जी शक्ती उरते, तीच वर चढण्याची ताकद. एक इंजिन गेले की शक्ती निम्मी होते, पण चढण्याची ताकद ऐंशी टक्के किंवा त्याहूनही अधिक घटते. शिवाय बंद इंजिनाचा पंखा वारा अडवतो, म्हणजे खर्चही वाढला.

दुसरे संकट याहून वाईट. चालू इंजिन एकाच बाजूने ओढते आणि विमानाचे नाक बंद इंजिनाकडे वळते. वैमानिकाला उलट बाजूचे रडर पायाने दाबून धरावे लागते. वेग फार उतरला तर रडरला बळ उरत नाही आणि विमान कलंडते. वेगदर्शकावरची तांबडी रेघ ही त्याची लक्ष्मणरेषा. ती ओलांडली गेली तर नाक खाली करून चांगल्या इंजिनाचीच शक्ती कमी करायची! बुडणाऱ्याने हातातली फळी सोडावी तसे हे. मन तयार होत नाही, म्हणून ते अंगवळणी पाडावे लागते.

शिक्षक पुरेशा उंचीवर, न सांगता एक थ्रॉटल मागे ओढतो. विद्यार्थ्याने आधी विमान सरळ ठेवायचे, वेग निळ्या रेघेवर आणायचा. मग दोषी शोधायचा : जो पाय निवांत, त्या बाजूचे इंजिन निकामी. पण लगेच शिक्का मारायचा नाही. त्याच इंजिनाचा थ्रॉटल हळूच मागे घ्यायचा. काही फरक पडला नाही, तरच पंख्याची पाती वाऱ्याला धारेने वळवून ते बंद करायचे. जमिनीजवळ मात्र इंजिन खरेच बंद न करता त्याची शक्ती घटवून तसा आभास निर्माण करतात. कारण या सरावानेही बळी घेतले आहेत.

ही पडताळणी मोठ्या विमानांनाही चुकत नाही. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाच्या उजव्या इंजिनाची शक्ती गेली. वैमानिकाने बंद केले ते डावे, म्हणजे चांगले! चूक कळली तेव्हा उंची उरली नव्हती. विमान कीलुंग नदीत कोसळले; ५८ जणांपैकी ४३ दगावले.

व्हाउचरवर घाईने केलेली सही दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. इथे दुसरा दिवस नसतो. म्हणूनच चांगला वैमानिक धावपट्टीवर उभा असतानाच स्वतःला बजावतो : विमान उचलण्याआधी इंजिन गेले, तर दोन्ही थ्रॉटल मागे, आणि थांबायचे. चालणारे इंजिन हाताशी असूनही.