खरखरत्या तारेवरून अख्खी फाईल

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा त्याची केंद्रं मुंबईसारख्या मोजक्या महानगरांतच होती. धारूरसारख्या गावाहून कुणाला जोडून घ्यायचं असतं, तर थेट मुंबईला एसटीडी लावावा लागला असता. फोनची तार बनलेली माणसाच्या आवाजासाठी, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यासाठी. वर खरखर असतेच. बोलण्यातला एखादा शब्द गळला तरी अर्थ लागतो. प्रोग्रामच्या फाईलमधला एक बाइट बिघडला, तर अख्खा प्रोग्राम वाया जाऊ शकतो. तरी त्या तारेवरून फायली धडधाकट उतरत!

त्या काळातलं स्वस्त खातं म्हणजे शेल अकाउंट. पडद्यावर नुसती अक्षरं. मागवलेली फाईल आधी निगमच्या युनिक्स यंत्रावर येऊन पडायची. तिथून घरच्या संगणकात आणायचं काम मोडेमच्या सॉफ्टवेअरचं, आणि ते विचारायचं: प्रोटोकॉल कोणता? एक्समोडेम, वायमोडेम, झेडमोडेम की कर्मिट?

एक्समोडेम १९७७ साली शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्तेन्सेन यांनी लिहिला. फाईलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यापुढे त्याचा क्रमांक, आणि लगेच २५५ मधून तो वजा करून आलेली संख्या. दोन्हींची बेरीज २५५ भरली नाही, तर क्रमांकच वाटेत बिघडला! मला ही युक्ती सगळ्यांत देखणी वाटते. तुकड्याच्या शेवटी त्यातल्या सगळ्या बाइटांच्या बेरजेला २५६ ने भागून उरलेली बाकी. पलीकडचं यंत्र तीच बेरीज करून ‘मिळालं’ किंवा ‘पुन्हा पाठव’ एवढंच सांगतं. मोंढ्यात पोतं उतरलं की मुनीम खूण करतो आणि मगच पुढचं पोतं उचललं जातं, तसं. एक उणीव मात्र होती: दोन बाइटांची अदलाबदल झाली, तर बेरीज तीच येते. म्हणून पुढे सीआरसी ही कडक तपासणी आली.

प्रत्येक खुणेसाठी थांबण्यात वेळ जाई. ९६०० बिट वेगाने सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं. एक एमबीला, काही अडलं नाही तरी, अठरा मिनिटं. चक फोर्सबर्ग यांच्या १९८६च्या झेडमोडेमने हे थांबणंच काढून टाकलं. पाठवणारा अखंड पाठवत राहतो. चूक दिसली तर घेणारा ‘अमुक बाइटापासून पुन्हा’ म्हणतो. त्यामुळे घरात कुणी समांतर फोन उचलून जोडणी तोडली, तरी उरलेलाच भाग मागवता येई. पलीकडच्या युनिक्स यंत्रावर ‘एसझेड’ ही आज्ञा लिहिली, की घरचं सॉफ्टवेअर स्वतःहून जागं व्हायचं. ते झोपलेलंच राहिलं, तर पडद्यावर बी आणि शून्यांची रांग उमटे.

एक सेटिंग मात्र लोकांना हमखास छळत असे. प्रवाह रोखण्याच्या एक्सऑन-एक्सऑफ पद्धतीत १९ क्रमांकाचा बाइट म्हणजे ‘थांब’ आणि १७ क्रमांकाचा म्हणजे ‘चालू’. झिप फाईलमध्ये १९ सहज येतो आणि मोडेम त्याला हुकूम समजून गप्प बसतो. म्हणून प्रवाहाचं नियंत्रण हार्डवेअरकडे द्यायचं आणि जोडणी आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशी ठेवायची. सातच बिट पुढे जाऊ देणाऱ्या जुन्या यंत्रांशी गाठ पडली, तर कोलंबिया विद्यापीठातला १९८१चा कर्मिट उपयोगी पडे: संथ, पण कुठेही चालणारा.

एक्समोडेम निवृत्त झालेला नाही. बिघडलेल्या राउटरमध्ये नवं सॉफ्टवेअर भरताना आजही तंत्रज्ञ तो वापरतात. लिनक्सवर ‘एलआरझेडएसझेड’ नावाचं पॅकेज मिळतं. दोन संगणक सिरियल तारेने जोडा आणि एक फाईल पाठवून पाहा.