शंभर उड्डाणांचे पदक

युद्धातले शौर्य म्हटले की आपल्याला खिंड अडवून धरणारे बाजीप्रभू आठवतात. शत्रू समोर, हातात शस्त्र. पण रात्रीच्या काळोखात पंधरा-वीस हजार फुटांवरून बाँब टाकणाऱ्या वैमानिकाला शत्रू दिसतच नाही. मग त्याला शौर्यपदक द्यायचे ते कशाबद्दल? दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश वैमानिक लेनर्ड चेशायर यांच्या हकिगतीवरून हे आपण समजून घेऊ.

आधी त्या कामाची थोडी कल्पना घ्या. लँकेस्टर नावाच्या चार इंजिनांच्या विमानात सात माणसे असत. एक विमान चालवणारा. बाकीच्यांपैकी कोणी नकाशावरून वाट काढणारा, कोणी इंजिने सांभाळणारा, कोणी बिनतारी यंत्रापाशी, एक बाँब सोडणारा आणि दोघे मशीनगनवाले. शेपटीतला मशीनगनवाला तासन्‌तास एकटा थंडीत कुडकुडत बसलेला. लक्ष्य जवळ आले की खालून सर्चलाइटचे झोत आणि तोफांचे गोळे येत. आणि नेमके त्याच वेळी विमान सरळ रेषेत न्यावयाचे, नाहीतर बाँब भलतीकडे पडायचा. बरे, बाँब सोडला म्हणजे सुटलो असेही नाही! तो कोठे पडला याचा फोटो निघेपर्यंत आणखी तसेच सरळ जायचे. अशा सुमारे तीस उड्डाणांची एक पाळी असे. या बाँबर दलात सुमारे १,२५,००० माणसांनी काम केले आणि त्यांतली ५५,५७३ मेली. म्हणजे शंभरांतली चव्वेचाळीस. गुरुजींनी हा हिशेब वर्गातल्या पटावरून मुलांना करून दाखवावा असे म्हणणार होतो, पण नकोच ते.

नोव्हेंबर १९४० मध्ये चेशायर तेवीस वर्षांचे होते. जर्मनीतल्या कोलोन शहराकडे गेले असता तोफेच्या गोळ्याने विमानातलाच एक प्रकाशगोळा पेटला, विमानाच्या कुशीला मोठे भगदाड पडले आणि बिनतारीवाला साथी भाजून निघाला. तशाही स्थितीत त्यांनी विमान इंग्लंडला परत आणले. त्याबद्दल त्यांना डी. एस. ओ. हे पदक मिळाले. पुढे हेच पदक आणखी दोनदा मिळाले. पंचविसाव्या वर्षी ते ग्रुप कॅप्टन झाले, विमानतळाचे प्रमुख झाले. आता खुर्चीत बसून हुकूम द्यायचे. पण या गृहस्थांनी काय करावे? आपला हुद्दा एक पायरी खाली उतरवून घेतला आणि १९४३ मध्ये ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनबरोबर पुन्हा उडू लागले.

आता एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. दोस्तांच्या बाँबहल्ल्यांत जर्मनीतले लाखो नागरिक मेले. उंचावरून, रात्री, शहरावर टाकलेला बाँब कारखाना आणि पाळणा यांत फरक करीत नाही. यावर चेशायर यांनी धरलेला मार्ग असा : एकाने अगदी खाली उतरून कारखान्यावरच जळते खुणेचे गोळे टाकायचे, आणि मागून येणाऱ्या विमानांनी वरून त्याच उजेडावर नेम धरायचा. रात्री मळ्यात कंदील ठेवून बांध दाखवावा तसेच हे. फक्त इथे कंदील ठेवणाऱ्यावर तोफा रोखलेल्या!

८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री फ्रान्समधल्या लिमोज गावी विमानांची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यावर जायचे होते. कारखाना राबत होता जर्मनांसाठी, पण आत रात्रपाळीला होते फ्रेंच कामगार, त्यांत बऱ्याच बाया. चेशायर एकदा नव्हे, तीनदा कारखान्याच्या छपरावरून घरघरत गेले, माडाच्या शेंड्याहून फारसे उंच नव्हे. आतल्यांना इशारा कळला, ती माणसे पळत बाहेर पडली. मग चौथ्या फेरीत त्यांनी खुणेचे गोळे टाकले, आणि बाँब कारखान्यावर पडले. बेसावध शत्रूला आपणच जागे करायचे, हे सैनिकी हिशेबात बसणारे नव्हे. मला मात्र त्यांचे सगळ्यांत मोठे शौर्य इथेच वाटते.

सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक बहुधा एखाद्या प्रसंगाबद्दल देतात. चेशायर यांना ते चार वर्षांतल्या शंभर उड्डाणांबद्दल मिळाले. पदक घ्यायला त्यांच्याबरोबर नॉर्मन जॅक्सन हे सार्जंटही होते. वीस हजार फुटांवर विमानाच्या पंखाला आग लागली तेव्हा आग विझवण्याचे नळकांडे घेऊन ते पंखावर उतरले होते! चेशायर राजाला म्हणाले की यांनी माझ्याहून जास्त केले आहे, पदक आधी यांना द्यावे. राजेसाहेबांना तसे करता येईना. हुद्द्याचा क्रम आडवा आला. ही हकीकत जॅक्सन पुढे सांगत असत.

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला, तो चेशायर यांनी ब्रिटनचे निरीक्षक म्हणून विमानातून दुरून पाहिला. १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या आपल्या घरी त्यांनी कॅन्सरने अंथरुणाला खिळलेला, कोणी थारा न दिलेला एक माणूस आणला आणि त्याचे सारे स्वतःच्या हाताने केले. मग दुसरा रोगी आला, तिसरा आला. पुढे १९५६ मध्ये आपल्या अंधेरीला, महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर, अपंगांसाठी भारतातले पहिले चेशायर होम उघडले. ५ एप्रिल १९५९ रोजी स्यू रायडर या सेवाव्रती बाईंशी त्यांचे लग्न झाले, तेही मुंबईतच. आणि त्याच वर्षी नवराबायकोने डेहराडूनला रोग्यांसाठी आणखी एक घर उभे करायला घेतले.