विमा आणि लोकवर्गणी : आधीची तरतूद, नंतरची धावपळ

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अधूनमधून एखादे आवाहन येते. रुग्णालयातील खाटेवरचे छायाचित्र, आजाराचे नाव, लागणारी रक्कम आणि खाली मदतीची विनंती. वाचणारा हळहळतो व यथाशक्ती शे-पाचशे रुपये पाठवितो. आवाहन करणाऱ्यांपैकी कित्येकांना विम्याचा हप्ता खरोखरच परवडत नसतो. काहींनी मात्र ‘आपल्याला काय होणार आहे?’ असे म्हणून तो भरलेला नसतो. प्रस्तुत लेख या दुसऱ्या वर्गातील वाचकांसाठी आहे.

एकाच शहरातील दोन वाटा

संकटात सापडलेल्याला दहा जणांनी मिळून सावरणे ही आपल्याकडील जुनीच रीत होय. बेंगळुरू शहरात या रीतीला अलीकडच्या काळात दोन निरनिराळी रूपे लाभली.

पहिले रूप ‘यशस्विनी’ योजनेचे. हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांच्या पुढाकाराने व कर्नाटक शासनाच्या साहाय्याने ही योजना २००३ मध्ये कार्यान्वित झाली. सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांनी महिन्याला ५ रुपये, म्हणजे वर्षाला ६० रुपये भरावयाचे आणि शस्त्रक्रियेची वेळ आल्यास ठरलेल्या रुग्णालयांत खर्चाचा भार योजनेने उचलावयाचा, असे तिचे स्वरूप होते. पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख सभासद तीत सामील झाले. २०१८ मध्ये ती ‘आरोग्य कर्नाटक’ योजनेत विलीन करण्यात आली व जानेवारी २०२३ पासून पुन्हा स्वतंत्रपणे सुरू झाली.

दुसरे रूप ‘मिलाप’चे. २०१० मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या या संस्थेने प्रारंभी गरजूंना लहान कर्जे मिळवून दिली. पुढे संगणकीय महाजालावरून उपचारांसाठी देणग्या गोळा करणे हे तिचे मुख्य कार्य बनले. मुंबईतील ‘केटो’ ही याच प्रकारची संस्था.

दोन्ही ठिकाणी पैसा लोकांचाच असतो. एके ठिकाणी तो संकटापूर्वी जमतो, दुसरीकडे संकटानंतर. सारा फरक येथेच आहे.

साधे गणित

समजा, १,००० कुटुंबांपैकी वर्षभरात २० कुटुंबांवर प्रत्येकी ३ लाख रुपयांच्या उपचारांची वेळ येते. एकूण खर्च ६० लाख रुपये. तो सर्वांत वाटल्यास प्रत्येकी ६,००० रुपये येतात. प्रत्यक्षातील हप्त्यात व्यवस्थापनखर्चही असतो आणि वयानुसार रक्कम बदलते. तथापि विम्याचे मूलतत्त्व एवढेच आहे. ज्याला गरज पडते, त्याला ती रक्कम हक्काने मिळते.

लोकवर्गणीत हा हक्क नसतो. पीण्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा निपाणीकडचा एखादा कामगार आणि त्याच शहरातील मोठ्या संगणक कंपनीतील अधिकारी यांना एकच आजार झाला, अशी कल्पना करा. अधिकाऱ्याच्या परिचयाची शेकडो सुस्थित माणसे असतात. कामगाराचे परिचित त्याच्याइतकेच ओढगस्तीचे. ज्याची गरज मोठी, त्याचीच झोळी रिकामी राहण्याचा संभव अधिक. शिवाय रुग्णालय अनामत रक्कम आज मागते आणि वर्गणी जमण्यास आठवडे लागतात. आजाराचा तपशील, घरची परिस्थिती चारचौघांत मांडावी लागते, ती वेगळीच. मुंबई-पुण्यात बालकांच्या एका दुर्मीळ स्नायुविकारावरील सुमारे १६ कोटी रुपयांच्या औषधासाठी २०२१ मध्ये लोकांनी भरभरून दिले. सर्वसामान्य विम्याच्या आवाक्याबाहेरच्या अशा प्रसंगी लोकवर्गणीला पर्याय नाही. परंतु अपघात, हृदयविकार किंवा कर्त्या व्यक्तीचा मृत्यू यांसाठी तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे.

ग्राहकांनी काय करावे?

बचत खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या व्यक्तीला ‘प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजने’त वर्षाला अवघ्या २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघात संरक्षण मिळते. १८ ते ५० या वयात ‘प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजने’त सामील होता येते; तिचा हप्ता ४३६ रुपये असून संरक्षण २ लाख रुपयांचे आहे. हे हप्ते खात्यातून परस्पर वळते होतात. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर संरक्षण खंडित होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. ‘आयुष्मान भारत’ योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असले तरी, तिचा लाभ खुला झाला आहे.

या योजनांत न बसणाऱ्यांनी स्वतंत्र आरोग्यविमा घ्यावा. वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्याच्या हप्त्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. मात्र आधीपासून असलेल्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते. म्हणून प्रकृती ठणठणीत असतानाच विमा घ्यावा, प्रस्तावपत्रात कोणताही आजार लपवू नये आणि वारसाची नोंद आठवणीने करावी.

कर्मचारी बंधुभगिनींनाही एक विनंती. खातेपुस्तक भरून देताना ‘या योजनांत आपले नाव आहे ना?’ एवढा प्रश्न ग्राहकाला अवश्य विचारावा. पुढे एखाद्या घराला दारोदार आवाहन करण्याची वेळ येणार नाही, ती कदाचित त्या एका प्रश्नामुळेच. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण सारेच जाणतो. कुदळ हाती घेण्याचा दिवस तेवढा पुढे ढकलू नये.