वेळीच सुटणारी तार

परभणी-गंगाखेड मार्गावरील, नृसिंहाच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या पोखर्णीसारख्या गावांच्या शिवारात रब्बीचा गहू-हरभरा पाण्याला आला, की विजेच्या जाळ्यावरील ताण सर्वप्रथम डीपीवर, म्हणजे 11 केव्हीचा दाब कृषिपंपांना पेलेल इतका उतरवणाऱ्या रोहित्रावर दिसतो. मंजूर भारापेक्षा अधिक मोटारी चालू झाल्या म्हणजे फ्यूज जातो. तो वारंवार जाऊ नये म्हणून फ्यूजच्या किटकॅटमध्ये जाड तार घातली जाते, आणि मग तारेऐवजी रोहित्राची गुंडाळीच जळते. त्या डीपीवरचे शेतकरी शेजारच्या डीपीवरून केबल ओढतात (पीक वाळत असताना त्यांना दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे) आणि वाढीव भाराने ती डीपीही जळते. गेलेली वीज परतताच ऑटो स्विचमुळे सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात व सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असल्याने नुकतीच बसवलेली डीपीही धोक्यात येते.

एका घटकाचा भार दुसऱ्यावर पडून बिघाड पसरत जाणे, यास साखळी-बिघाड म्हणतात. अल्बर्ट, जेओंग व बाराबाशी या संशोधकांनी 2000 मध्ये दाखवले, की मोजक्या केंद्रांना असंख्य जोडण्या असलेली जाळी कुठेही होणारे फुटकळ बिघाड पचवतात, परंतु तीच केंद्रे हेरून पाडल्यास विस्कटतात. तांब्यासाठी रोहित्र फोडणारा चोर असाच हेरून आघात करतो. मात्र सर्वाधिक ताणलेली डीपी त्याच्यापेक्षा रब्बीचा भारच अचूक शोधतो. मॉटर यांनी 2004 मध्ये मांडलेला उपाय वरकरणी उलटा वाटतो: आघातानंतर, बिघाड पसरण्यापूर्वी, स्वतः थोडाच भार वाहून इतरांवर जास्त लादणारे घटक मुद्दाम तोडावेत.

वेळीच सुटण्याचा फायदा प्रत्यक्षातही दिसला आहे. जुलै 2012 च्या अखेरीस उत्तर ग्रिड आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेसह पूर्व व ईशान्य ग्रिड कोसळले, तेव्हा महाराष्ट्र ज्यात आहे ते पश्चिम ग्रिड तगले, कारण कोसळणाऱ्या जाळ्याशी असलेल्या जोडण्या तुटून ते वेगळे झाले. परंतु नुसते सुटणे पुरत नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा-पडघा परिसरातील 400 केव्ही वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबईची ‘आयलँडिंग’ योजना, म्हणजे शहराला ग्रिडपासून तोडून स्थानिक विजेवर चालवण्याची व्यवस्था, अंमलात आली; मात्र त्या बेटातील निर्मिती तेथील मागणीपेक्षा कमी होती आणि पुरेसा भार वेळेत कमी न झाल्याने ते बेटही बुडाले.