बेरोजगारीची रेघ उतरली, पण काम कसले मिळाले?

दर महिन्याच्या मध्यावर बेरोजगारीचा नवा आकडा येतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचे आलेख मोबाइलवर फिरू लागतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय मे २०२५ पासून हे मासिक आकडे देऊ लागले, हे फार चांगले झाले. पण त्यांचे आलेख काढणाऱ्यांची घाई वाचकाची दिशाभूल करते.

२०२३-२४ चा वार्षिक दर ३.२ टक्के, एप्रिल २०२५ चा मासिक दर ५.१ टक्के. हे दोन बिंदू एका रेघेने जोडले की बेरोजगारी भडकल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात मोजपट्टीच निराळी. वार्षिक दर वर्षभराचा कामधंदा पाहतो, मासिक दर फक्त मागचे सात दिवस. त्या सात दिवसांत एका दिवशी तासभर काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. याच निकषाने २०२३-२४ चा दर ४.९ टक्के होता.

उभ्या अक्षाचेही तसेच. एप्रिलचे ५.१ मे महिन्यात ५.६ झाले. अक्ष पाचपासून सुरू केला तर डोंगर दिसतो, शून्यापासून केला तर किरकोळ चढ. मात्र अर्धा टक्का म्हणजे लाखो माणसे, हेही विसरून चालणार नाही.

खरी गोष्ट मात्र बेरोजगारीच्या रेघेत नाहीच. २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात वार्षिक दर सहा टक्क्यांवरून ३.२ वर आला. त्याच वर्षांचा कामाच्या प्रकारांचा स्तंभालेख शेजारी ठेवावा. स्वयंरोजगाराचा वाटा ५२ वरून ५८ टक्क्यांवर गेला, नियमित पगारदारांचा थोडा घटला आणि शेतीतला वाटा ४४ वरून ४६ झाला.

बायकांचा स्तंभ तर थांबून पाहण्याजोगा आहे. श्रमशक्तीतला त्यांचा सहभाग २३ वरून जवळपास ४२ टक्क्यांवर गेला, आणि या वाढीचे कौतुक सर्वत्र झाले. पण २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या बायकांपैकी ३६.७ टक्के घरच्याच धंद्यात बिनपगारी मदतनीस होत्या. सासऱ्यांच्या किराणा दुकानात दुपारभर गल्ल्यावर बसणारी सून, घरच्या सोयाबीनमध्ये खुरपणारी बाई, दोघी रोजगारात मोजल्या जातात. त्यांचे श्रम मोजले गेले, हे योग्यच. पण त्यांच्या हाती पैसा येत नाही, हे उतरत्या रेघेवर कुठेच दिसत नाही.

वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी बेरोजगारीची रेघ जरूर दाखवावी, पण तिच्या शेजारी कामाच्या प्रकारांचा स्तंभही छापावा. हे आकडे सरकारी अहवालातच असतात आणि ते सर्वांसाठी खुले आहेत.